कॉर्फबॉलची जागतिक स्पर्धा: बाईंना सतत विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवते. मैदानावर पोफळीच्या सोटाला टोपली बांधलेली दिसली की वाटेनं जाणारा माणूस थांबतो आणि विचारतो. पालकांच्या ग्रुपवर देशादेशांच्या सामन्याचा एखादा व्हिडिओ टाकला की रात्री अकरापर्यंत फोन वाजत राहतो. प्रश्न मात्र तेच ते. म्हणून एकदाच सगळे एका जागी लिहून ठेवते. पुढच्या वेळी मी फक्त प्रश्नाचा नंबर पाठवीन, रागावू नका.

१. कॉर्फबॉल म्हणजे बास्केटबॉलच ना? फक्त मागची फळी काढलेला?

लांबून तसाच दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की बास्केटबॉलमधल्या निम्म्या गोष्टी इथे चालतच नाहीत. बॉल जमिनीवर आपटत पुढे नेता येत नाही. हातात घेऊन पळता येत नाही. दुसऱ्याच्या हातातून हिसकावता येत नाही. मूठ मारायची नाही, पाय लावायचा नाही. पडलात तर पडल्या पडल्या बॉल खेळायचा नाही, आधी उठायचं. म्हणजे बॉल पुढे न्यायचा तर दुसऱ्याला देण्यावाचून इलाज नाही.

टोपली साडेतीन मीटरवर, म्हणजे साडेअकरा फुटांवर असते. बास्केटबॉलच्या रिंगपेक्षा दीड फूट उंच. शिवाय खांब मैदानाच्या कडेला नसतो, आत असतो. चाळीस मीटर लांब मैदानात शेवटच्या रेषेपासून जवळजवळ पावणेसात मीटर आत. त्यामुळे खांबाच्या मागूनही शॉट मारता येतो.

आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे प्रत्येक संघात चार बाया आणि चार पुरुष असतात. त्याबद्दल प्रश्न ७.

२. हे ‘कॉर्फ’ काय असतं?

डच भाषेत कॉर्फ म्हणजे टोपली. ॲमस्टरडॅममधले एक शिक्षक, निको ब्रुकहाउसेन, स्वीडनमध्ये नॅस इथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथे त्यांनी खांबावरच्या कड्यातून बॉल टाकण्याचा एक खेळ पाहिला. परत आल्यावर १९०२ मध्ये त्यांनी आपल्या मुलामुलींसाठी तो बदलून घेतला. कड्यातून बॉल गेला की बाजूनं गेला, यावर वाद व्हायचे. म्हणून त्यांनी कड्याच्या जागी बिनबुडाची टोपली लावली. बॉल टोपलीतून खाली येताना सगळ्यांना दिसतो.

एका मास्तरानं वर्गातली भांडणं मिटवायला केलेली ही सोय आहे, हे मला फार आवडतं. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही ते पटेल.

३. जागतिक स्पर्धा म्हणजे नक्की कोणती? कुणी वर्ल्ड कप म्हणतं, कुणी वर्ल्ड गेम्स.

दोन वेगळ्या आहेत. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आंतरराष्ट्रीय कॉर्फबॉल महासंघ भरवतो. पहिली १९७८ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली आणि आता ती चार वर्षांनी येते. २०१५ मध्ये बेल्जियममध्ये १६ संघ होते, २०१९ मध्ये डर्बनला २०, २०२३ मध्ये तैपेईला २४.

वर्ल्ड गेम्स ही ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांची स्पर्धा. तिथे कॉर्फबॉल १९८५ पासून आहे, पण जागा मोजक्याच. अजिंक्यपदात नवखा देशही दिसतो. वर्ल्ड गेम्समध्ये पहिल्या रांगेतले तेवढे.

४. मग ऑलिंपिकमध्ये का नाही?

येऊन गेलाय. १९२० मध्ये अँटवर्पला आणि १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला, पदकं नव्हती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता महासंघाला १९९३ पासून आहे. मान्यता असणं वेगळं आणि कार्यक्रमात जागा मिळणं वेगळं. कबड्डीवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

५. भारतात कधी झाली का ही स्पर्धा?

झाली. १९९५ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नवी दिल्लीत झाली. युरोपाबाहेर ती पहिल्यांदाच भरली, आणि यजमान आपण होतो. हे मी सांगते तेव्हा समोरचा माणूस हमखास म्हणतो, “काय सांगता बाई!” त्यानंतर ती ॲडलेडला गेली, चीनमध्ये शाओशिंगला गेली, डर्बनला गेली. युरोपाबाहेरची पहिली मात्र आपल्याकडचीच.

६. व्हिडिओत ती मुलगी खांबाला टेकून उभी होती, हातात बॉल होता, तरी तिनं टाकला नाही. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एका आज्जींनी तर लिहिलं होतं, “आमची नात असती तर केव्हाच टाकला असता.” टाकला असता, आणि पंचांनी शिट्टी मारली असती.

नियम असा की तुम्हाला कुणी नीट अडवलेलं असेल तर शॉट मारायचाच नाही. मारलात आणि आत गेला तरी गोल धरत नाहीत, बॉल समोरच्यांना. ‘नीट अडवलेलं’ म्हणजे चार गोष्टी एकाच वेळी हव्यात. अडवणारा तुमच्यापेक्षा खांबाच्या जवळ हवा. हाताच्या अंतरावर हवा. त्याचं तोंड तुमच्याकडे हवं. आणि तो खरोखर हात उचलून बॉल अडवायला बघत असला पाहिजे. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी शॉट मोकळा.

म्हणून हे खेळाडू सारखे पुढेमागे पळताना दिसतात. ती नाचानाच नव्हे. दोन पावलं खांबाकडे धाव घ्यायची, अडवणारीला मागे सरकायला लावायचं, आणि झटकन तीन पावलं मागे येऊन बॉल मागायचा. तेवढ्यात हातभर अंतराचं दीड हात झालं की शॉट. मोठ्या सामन्यात सात-आठ मीटरवरून शॉट पडतात ते यामुळेच. जवळ गर्दी असते, लांब मोकळीक असते.

व्हिडिओतल्या त्या मुलीनं काय केलं तेही बघा. तिनं बॉल बाहेर दिला आणि स्वतः रिबाउंडला, म्हणजे टोपलीवरून उसळणारा बॉल पकडायला, थांबली. दोन सेकंदांनी गोल झाला. आज्जींनी तो भाग पाहिलाच नव्हता.

७. मुलगे आणि मुली एकत्र खेळतात म्हणजे मुलगा मुलीला अडवणार? आम्हाला ते बरं वाटत नाही.

अडवणार नाही. नियमातच नाही. बाईला बाईनंच अडवायचं, पुरुषाला पुरुषानं. मुलगी शॉट मारत असताना मुलानं हात वर केला तर तो फाउल, आणि उलटंही तसंच. शिवाय एकाला दोघांनी मिळून घेरायचंही नाही.

पालक ही गोष्ट अंगाला अंग लागेल म्हणून विचारतात, मी समजू शकते. पण मी मैदानावर बघते ते वेगळंच असतं. या नियमामुळे मुलीला बॉल द्यावाच लागतो. इतर मिश्र खेळांत मुलगे मुलींना नावापुरतं उभं करतात आणि आपापसात बॉल फिरवतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. इथे अर्ध्या मैदानात तुमचे चौघं असतात (प्रश्न ८), त्यातल्या दोघी मोकळ्या ठेवून चालत नाही, कारण त्यांना थांबवायला समोरच्यांकडेही दोघीच आहेत. एकीची नजर चुकली तर तिच्या मदतीला मुलगा येऊ शकत नाही. चांगली शूटर मुलगी असली तर ती आख्खा सामना फिरवते.

एक अपवाद लक्षात ठेवा. हवेत उडालेला बॉल सगळ्यांचा. दोन खेळाडूंच्या मधून जाणारा पास मुलीनं दिलेला असो की मुलानं, कुणीही झेलावा. टोपलीवरून उसळलेला बॉलही तसाच. अडवणं म्हणजे ज्याच्या हातात बॉल आहे त्याचा पास किंवा शॉट रोखणं, तेवढ्यापुरताच हा नियम.

८. मध्येच सगळे खेळाडू जागा का बदलतात?

मैदानाचे दोन भाग असतात, वीस बाय वीस मीटरचे. प्रत्येक भागात तुमचे चौघं आणि त्यांचे चौघं, दोन बाया दोन पुरुष. आपला भाग सोडून जायचं नाही. एका भागातले तुमचे चौघं फक्त गोल करतात, दुसऱ्यातले फक्त अडवतात. दोन गोल झाले की अदलाबदल, काल गोल करणारे आज राखणारे.

इथे गोंधळ होतो तो मोजण्यात. दोन गोल एकाच संघाचे असावे लागत नाहीत. एक तुमचा एक त्यांचा झाला तरी दोनच, बदला.

यामुळे ‘मी फक्त शॉट मारणार’ म्हणणाऱ्याचं इथे काही चालत नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, शॉट सुंदर, पण राखायला गेला की उभाच. दोन महिन्यांत त्याच्या समोरचे सगळे मुलगे चांगले शूटर झाले.

९. सामना किती वेळ चालतो?

दहा मिनिटांचे चार डाव. बॉल थांबला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात तासाच्या वर जातो. चढाई सुरू झाली की पंचवीस सेकंदांत शॉट टोपलीपर्यंत गेला पाहिजे. कबड्डीच्या रेडपेक्षा पाच सेकंद कमी, असं मी मुलांना सांगते, त्यांना लगेच समजतं. प्रत्येक गोलाचा एकच गुण, लांबून मारा की जवळून. मोठ्या फाउलला पेनल्टी, खांबापासून अडीच मीटरवरून, कुणीही न अडवता. बहुतेक जण ती दोन्ही हातांनी खालून वर टाकतात. लहान मुलांना ते बघून हसू येतं, मग स्वतः टाकून बघतात आणि हसणं थांबतं.

१०. दरवेळी नेदरलँड्सच जिंकतं म्हणे. मग बघायचं काय?

खरं आहे. १९७८ पासून २०२३ पर्यंत एक वर्ष सोडलं तर प्रत्येक अजिंक्यपद त्यांचंच. ते वर्ष १९९१. अँटवर्पमध्ये घरच्या लोकांसमोर बेल्जियमनं त्यांना हरवलं. बेल्जियमचे लोक अजून त्याचं कौतुक सांगतात, आणि सांगावंच.

माझं मत विचाराल तर अंतिम सामना सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी पाचव्या ते आठव्या क्रमांकाचे सामने बघा. तिथे दोन्ही संघ बरोबरीचे असतात, चुका होतात, आणि चुकांतून शिकायला मिळतं. डच संघ इतका सफाईनं खेळतो की नवख्या मुलाला काय घडलं तेच दिसत नाही. आशियातून तैवानकडे लक्ष ठेवा. उंचीनं आपल्यासारखेच, पण पळण्यात आणि बॉल फिरवण्यात कुणालाही दमवतील. स्पर्धेत त्यांचं नाव ‘चायनीज तैपेई’ असं लागतं, शोधताना चुकाल.

११. माझी मुलगी बुटकी आहे. तिला उपयोग?

आहे. अडवलेल्या माणसानं शॉट मारायचा नाही (प्रश्न ६), त्यामुळे उंच मुलगी बुटक्या मुलीच्या डोक्यावरून नुसताच शॉट मारू शकत नाही. उंचीचा फायदा रिबाउंडला होतो, ते नाकारत नाही. पण पायात चपळाई असली तर बाकीचं जमतं.

१२. टोपली आणि खांब कुठून आणायचे? ऑनलाइन फार महाग पडतात.

सरावाला आणू नका, करा. आम्ही केली ती सांगते.

आमच्या वाडीत सुपं, रोवळ्या करणारे एक आजोबा आहेत. त्यांना माप दिलं: तोंड चाळीस सेंटीमीटर म्हणजे दोन वितींना जरा कमी, उंची पंचवीस सेंटीमीटर म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं, बूड नको. आजोबांनी बांबूची काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. “बाई, बूड नाय तर ती टोपली कसली?” मी त्यांना मोबाइलवर सामना दाखवला. त्यांनी बॉल पाहिला नाही, बाया-पुरुष पाहिले नाहीत, टोपलीची कड पाहिली. म्हणाले, वरच्या काठाला दुहेरी वेढा लागतलो, नायतर बॉल आदळून आदळून चार दिवसांत उसवात. तसा वेढा घातला. ती टोपली दोन पावसाळे टिकली. पूर्वी मोठ्या स्पर्धांतही कॉर्फ वेताचेच असायचे. आता पिवळ्या प्लॅस्टिकचे असतात, सगळ्या एकसारख्या.

एक चूक टाळा. बांबूच्या कडा आतून तासून घ्या, नाहीतर बॉल फाटतो. आमचा पहिला बॉल असाच गेला.

खांबाला पोफळीचा सोट उत्तम, सरळ आणि हलका. आमच्या सड्यावर कातळ आहे, खड्डा मारता येत नाही, म्हणून जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून त्यात रोवला. लोखंडी पाइप लावलात तर खाऱ्या वाऱ्यानं दोन वर्षांत पापुद्रे सुटतील. बॉल अधिकृत नसला तर पाच नंबरचा फुटबॉल घ्या, घेर जवळजवळ तोच, वजनाला किंचित हलका.

१३. चाळीस बाय वीस मीटर मैदान आमच्याकडे नाही. मग?

अर्धंच आखा. वीस बाय वीसमध्ये एक खांब, चार विरुद्ध चार. अदलाबदल सोडली तर सगळा खेळ शिकता येतो. पावसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही शाळेच्या पडवीत फक्त पास आणि झेल करतो. कौलाला बॉल लागला की मुख्याध्यापक बाहेर येतात, तेवढं सांभाळा.

१४. किनाऱ्यावर खेळता येईल का?

येईल, आणि मला विचाराल तर हा खेळ आपल्या किनाऱ्यासाठीच केला की काय असं वाटतं. बॉल आपटायचाच नसल्यामुळे वाळू आड येत नाही. बास्केटबॉल वाळूत मेला असता.

महासंघाचा बीच कॉर्फबॉल वेगळा प्रकार आहे. चार विरुद्ध चार, दोन बाया दोन पुरुष, आणि मैदानाचे भाग नाहीत, सगळ्यांनी दोन्हीकडे पळायचं. २०२५ च्या चेंगडू वर्ल्ड गेम्समध्ये तोही खेळला गेला.

आमचा अनुभव असा की ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू हवी. कोरड्या वाळूत पाच मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी सकाळी सातला वाळू मोकळी असेल तर पुढच्या रविवारी सातला तिथे पाणी असेल. सरावाची वेळ घड्याळावर ठरवू नका, पंचांगात तिथी बघा. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढायची असेल त्या दिवशी आपण बाजूला व्हायचं. किनारा आधी त्यांचा. एकदा रापणकरांनीच आम्हाला खांब उभा करायला हात दिला होता, संबंध जपा.

१५. भारताच्या संघात जायचं तर वाट कोणती?

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, मग शिबिर आणि निवड. शाळेतून सुरुवात करा. प्रमाणपत्र घेताना त्यावर स्पर्धेचं नाव, वर्ष आणि वयोगट नीट लिहिलेत का ते तिथेच तपासा, घरी आल्यावर नाही. शिबिराचा निरोप आला की रेल्वेचं तिकीट मिळत नाही हे आपल्याकडचं जुनं दुखणं. सुट्टीत कोकण रेल्वेच्या गाड्या कशा भरलेल्या असतात ते सांगायला नको, पर्याय हाताशी ठेवा. मुलांचा पासपोर्टही वेळेवर काढून ठेवा.

१६. दहावीला खेळाचे गुण मिळतील का?

त्या वर्षीच्या परिपत्रकातल्या यादीत खेळ आणि स्पर्धेची पातळी दोन्ही असायला हवीत. स्पर्धेला जाण्याआधी शाळेत परिपत्रक मागून वाचा. गुणांसाठीच पाठवणार असाल तर मला फोन करू नका.

१७. माझी भाची हॉलंडमध्ये वाढली, तिथल्या क्लबमध्ये खेळते. ती भारताकडून खेळेल का?

पासपोर्ट कुठला ते पाहा. भारताचं प्रतिनिधित्व भारतीय नागरिकानंच करायचं, असं आपल्या सरकारचं धोरण आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर ती कुठे वाढली याला महत्त्व नाही, मग प्रश्न १५ ची वाट. मे महिन्यात गावी आली की मैदानावर मात्र जरूर पाठवा. आमच्या मुलींना तिच्याकडून शिकायचंय.

१८. सामना घरी कसा बघायचा?

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यूट्यूब वाहिनीवर. युरोपातले सामने आपल्याकडे संध्याकाळी-रात्री लागतात. तैवानचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, तिथले सामने दुपारी. लाईट गेली तर फोनवर बघा, पण फोन आधी चार्ज करून ठेवा.

१९. मुली कमी पडल्या तर एखादा मुलगा मुलींच्या जागी चालेल का?

नाही. बदली खेळाडूही बाईच्या जागी बाई आणि पुरुषाच्या जागी पुरुषच. दशावतारात पुरुष साडी नेसून राणी होतो आणि आपण रात्रभर टाळ्या वाजवतो, इथे ते जमायचं नाही. हा प्रश्न मला दरवर्षी एका तरी शाळेकडून येतो, आणि मागं कारण एकच असतं: मुली सरावाला येत होत्या, पण संध्याकाळी उशीर होतो म्हणून घरून बंद केलं. आम्ही सराव सकाळी सातवर आणला, पटावर आता मुली जास्त आहेत. गेल्या महिन्यात तर दुसऱ्या बाजूनं अडचण आली, एक मुलगा कमी पडला.